मांडवावरचं औषध

त्र्याऐंशी सालची गोष्ट. वडनेरच्या कापसाच्या शिवारात द्राक्षाचा मांडव एकट्या चंद्रभाननेच घातला होता, त्यामुळे साऱ्या गावाचे डोळे तिकडेच. पहिल्या फवारणीनंतर मांडवाखाली मेलेल्या चिमण्यांचा सडा पडला. त्याच सावलीत आपली नात खेळते, हे त्याच्या बायकोच्या, मनकर्णाच्या मनातून जाईना.

चंद्रभानपुढे बोलायची सोय नव्हती. औषध कालवायचं काम मात्र तिचंच. तेव्हापासून विषाच्या बाटल्या तिने तशाच गोठ्याच्या आढ्यात दडवल्या आणि ड्रमात निंबोळ्या वाटलेलं पाणी भरलं. रंग औषधासारखा पांढरा दिसावा म्हणून वरून आंबट ताक ओतलं. पण जिवाला चैन नव्हतं. आज भुरी पडेल, उद्या कीड लागेल, नाहीतर नवराच ओळखेल. दिवसातून दहादा ती पानं उलटून पाहायची.

माघात घड भरले. चंद्रभानने पंप पाठीला लावून मांडव ओलाचिंब केला, आणि पंप उतरवताच एक निथळता घड तोडून नातीच्या हातात दिला.

मनकर्णा धावलीच. त्यात विष नाही हे तिला ठाऊक होतं, त्याला कुठे होतं?

"अवो, आत्ताच तं फवारलं ना! लेकराले काऊन देऊन राह्यले?"

 

चंद्रभान पंप विसळता विसळता म्हणाला, "खाऊ दे. पुढच्या खेपेले ताक थोडं कमी टाकजो, लोकाईले वास येऊन राह्यला."