तारलानचा दाखला

आकडा थांबला. आठ किलो चारशे. पिशवीच्या जाळीतून तारलानने, त्या करड्या बोक्याने, एकदा बाहेर पाहिले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

"आजोबा, पिशवीसकट आठ किलोच चालतं," विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. "नाहीतर बोक्याला खाली सामानात टाकावं लागेल."

ओराझबायने सुनेकडे चोरून पाहिले. कालपासून तो तिच्याकडे असाच पाहत होता; नदीवरच्या पातळ बर्फावर पाऊल टाकणारा बर्फाकडे पाहतो, तसा.

"खाली नको," अकमारल म्हणाली. "तिथं अंधार असतो. गारठा असतो. एकटा कसा राहील तो?"

ओराझबायने तिच्या पोटाकडे पाहिले. तिला पाचवा महिना होता. याआधीच्या दोन्ही खेपा याच महिन्यात वाया गेल्या होत्या.

तिने पिशवी उघडली. बोक्याच्या अंगाखाली अंथरलेला दौरेनचा जाड लोकरी स्वेटर ओढून काढला आणि सप्टेंबरच्या उन्हात अंगावर चढवला.

"आता करा वजन."

सात किलो नऊशे.

"नवऱ्याचा दिसतोय," मुलगी हसली. मग तिने कागद चाळले. "पशुवैद्याचा दाखला. मुदत पाच दिवसांची, आज चौथा. चालेल."

कागद ओराझबायने न पाहताच कोटाच्या खिशात कोंबले. त्याचे सारे लक्ष मागच्या रांगेकडे होते. ओळखीचे कोणी निघाले आणि सांत्वनाचा एक शब्द बोलून गेले, तर?

काल दुपारी मशिदीतून परतताना वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांनी त्याला वाटेत बाकावर बसवले होते. थोरल्याने त्याचा हात धरून ठेवला. "ओराझबाय," तो म्हणाला, "मनगटावरचा ससाणा दोरी तोडून उडाला, म्हणून शिकारी आपलं मनगट कापून टाकत नाही."

आमच्यात मरणाचे नाव घेऊन कोणी बातमी देत नाही. ऐकणाऱ्याला कळते. त्याचा मुलगा दौरेन गेला होता. सोमवारी रात्री, समुद्रातल्या तेलविहिरीच्या मचाणावरून पडून. वारा इतका, की त्याला अक्ताऊच्या किनाऱ्यावर आणायलाच तीन दिवस लागले.

ओराझबायचे हृदय अधू होते. पण तो कोसळण्याआधीच दुसऱ्या म्हाताऱ्याने त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. नेहमीचीच, नखाने तोडलेली अर्धी, कागदाच्या पुडीतून काढलेली.

"सुनेला कळू देऊ नका," श्वास परत आल्यावर तो सर्वांत आधी हेच बोलला. "पोटातलं पोर तेवढं राहिलंय त्याचं. अक्ताऊला बायका आहेत, डॉक्टरीण बसवून ठेवू. तिथं पोचेपर्यंत नको." तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मान डोलावली.

संध्याकाळी चहाच्या वेळी तो खोटे बोलला. "दौरेनला ताप आहे, पोरी. तुझी आठवण काढतोय. उद्याच्या विमानानं जाऊ."

अकमारलने चहाचा वाडगा खाली ठेवला. ती त्यातल्या दुधाच्या सायीकडे पाहत राहिली.

"मग तारलानलाही नेऊ," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. जिला या घडीला बोक्याचे सुचते, तिला काहीच ठाऊक नसते.

विमानात पिशवी पुढच्या आसनाखाली गेली. अकमारल मध्ये बसली. पलीकडची लठ्ठ बाई कुरुत, वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा, चघळत वाकून बघत होती.

"बोक्याचं तिकीट काढलंस? माझा म्हातारा गेली दहा वर्षं म्हणतोय, मलाही समुद्र दाखव. त्याला म्हटलं, तू मिशा ठेव, म्हणजे पिशवीत घालून नेते."

अकमारल किंचित हसली. ओराझबाय हसला नाही.

"कुणाकडे निघालीस गं?"

"नवऱ्याकडे."

"घ्यायला येईल ना तो?"

ओराझबायने खिडकीकडे तोंड वळवले. खिडकीबाहेर गवताळ रान मैलोगणती पिवळे पडले होते, आणि ढगांच्या सावल्या त्यावरून वाट चुकल्यासारख्या सरकत होत्या.

"नाही," अकमारल म्हणाली. "त्याला बरं नाही."

"तापच आहे," ओराझबाय घाईने म्हणाला. "साधा ताप."

"हो," सून म्हणाली. "साधा ताप."

तीन तास तो घड्याळाकडे आणि तिच्या पोटाकडे पाहत राहिला. तिने काही खाल्ले नाही. स्वेटरही काढला नाही. बाह्या हातांवर ओढून ती बसून होती आणि मधूनच पायाने पिशवी चाचपत होती. विमान उतरू लागले तेव्हा तिने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि नखाने तोडलेली अर्धी गोळी त्याच्यापुढे धरली.

"घ्या, बाबा."

"कशाला? मला काय झालंय?"

"जिभेखाली ठेवा. माझ्यासाठी."

त्याने ठेवली. तिचे समाधान व्हावे, एवढ्याचसाठी.

अक्ताऊला बाहेर पडण्याच्या दाराशी पहारेकऱ्याने हात आडवा केला. "मांजराचे कागद?"

काचेपलीकडे त्यांची माणसे उभी होती. बायकांच्या डोक्यांना सुतकाचे पांढरे रुमाल. आता एवढीच काच उरली होती. ओराझबायने खिशातून दाखला काढला, उलगडला, आणि सुलटा आहे ना हे पाहायला चष्मा लावला.

पहारेकऱ्याने कागद पाहून परत दिला. ओराझबाय मात्र तिथेच उभा राहिला. जिभेखाली गोळीचा कडवटपणा अजून होता. त्याने तारखेवर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"पोरी," तो म्हणाला, "जायचं आहे हे मी तुला काल, गुरुवारी सांगितलं. मग हा दाखला मंगळवारचा कसा?"

अकमारलने स्वेटरच्या बाह्या नीट केल्या, तारलानची पिशवी उचलली आणि ती पांढऱ्या रुमालांच्या दिशेने चालू लागली.