संपलेलं शेत

कुंपणाच्या काटेरी झुडपात अडकून हेडफोनची वायर तुटली, तेव्हा डेस्मंडने एक शिवी हासडली आणि हेडफोन काढून बायकोच्या हातात कोंबले. आता जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर सगळ्या शेताला ऐकू जाईल असा उघड्यावर वाजणार होता. वाजेना का, तो म्हणाला, आज शेवटचाच दिवस आहे. संध्याकाळी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातला ट्रेव्हर येऊन यंत्र विकत घेऊन जाणार होता.

इतक्या वर्षांत बेरिल पहिल्यांदाच त्याच्याबरोबर आली होती. गुडघ्यामुळे त्याला हल्ली गाडी चालवता येत नव्हती, म्हणून.

गव्हाची कापणी होऊन गेली होती. धसकटांमधून यंत्राची तबकडी डावी-उजवीकडे फिरवत डेस्मंड पुढे चालला, बेरिल मागे. तो बोलतच होता. याच शेतात, शेतमालक स्टॅंगरचा बाप जिवंत होता तेव्हा, ही यंत्रं म्हणजे नुसती खेळणी. गंजका खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला फरक कळायचा नाही त्यांना. तरी दुपारच्या आत खिसा भरायचा. रोमन नाणी, पितळी बकलं, एकदा तर चांदीचं अख्खं साखळीदार पदक. आणि आता? काडतुसांची बुडं, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, बिअरच्या डब्यांच्या कड्या. दहा वर्षांत चांदीचा कण नाही. शेतं संपली. शेकड्यांनी माणसं उतरतात हल्ली, त्यांनी सगळं धुऊन नेलं. क्लबातली पोरं याच शेतातून चांदी काढून दाखवायची, पण ती त्याच्या मते इंटरनेटवरून विकत आणलेली. लबाड लेकाचे.

बेरिलला त्याचं वाईट वाटत होतं. रागाचं आवरण होतं ते. आतून माणूस खचला होता. यंत्र गेल्यावर हा रविवारी करणार काय, असं तिच्या मनात येत होतं.

यंत्र घोगरं गुरगुरलं. "लोखंड," मागे न बघता डेस्मंड म्हणाला. पुन्हा गुरगुरलं. "लोखंड." मग एक बारीक, उंच सूर आला, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. डेस्मंड पुढे चालत राहिला.

"हे काय होतं?" बेरिलने विचारलं. तो चालतच होता. तिने पुढे होऊन त्याची बाही ओढली. "अरे, आत्ता वाजलं ते काय होतं?"

"काही वाजलं नाही."

"बारीक वाजलं. शिटीसारखं."

"बारीक वाजते ती चांदी," तो समजूत काढल्यासारखा म्हणाला. "ती वाजली असती तर मला कळलं नसतं? मी काय इतकी वर्षं शेतात पाखरं हाकतोय?"

तरी तिचं मन राखायला तो दोन पावलं मागे आला. तबकडी फिरवली. यंत्र बारीक वाजलं. बेरिलने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तसाच, वाट बघणारा. त्याने पुन्हा फिरवली, सूर पुन्हा आला, अगदी स्वच्छ. हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, सगळे नवरे करतात तसंच, असं ती इतके दिवस समजत होती. डेस्मंड आता यंत्राकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता.

"वाजतंय?"

"वाजतंय."

गुडघा सांभाळत तो खाली बसला, वीतभर खणलं, ढेकूळ हातात घेऊन हलकेच फोडलं. नखाएवढी, पापडासारखी पातळ चांदीची पेनी. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला लांब क्रूस. सातशे वर्षांची तरी असेल. त्याने ती पुसली नाही, नुसती तळहातावर धरली. आनंद त्याला झाला नाही. मान वर करून तो पलीकडच्या कुंपणापर्यंतचं शेत बघत राहिला, आणि मग त्याच्याही पलीकडची, जिथून तो हात हलवत घरी आला होता ती सगळी शेतं.

"म्हणजे सगळं इथेच होतं," तो म्हणाला.

बेरिलने फोन काढला. ट्रेव्हरला येऊ नको म्हणून कळवते, तिने सांगितलं, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्याने मान हलवली. पण त्याचं लक्ष ट्रेव्हरकडे नव्हतं.

"बेरिल," तो म्हणाला. "या दहा वर्षांत तू आणखी काय काय म्हणालीस?"

तिने अंगातला कोट काढला आणि धसकटांवर अंथरला.

"बस नीट," ती म्हणाली. "वेळ लागेल."