हिरवा पट्टा

मोतीबिंदू काढला आणि महिन्याभरात त्याच डोळ्याचा मागचा पडदा सुटला. डॉक्टरांनी तो पुन्हा बसवला, दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि मनगटावर हिरवा पट्टा बांधला. त्यावर लिहिलेलं: बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास नको, उंचावर वायू फुगला तर डोळा जाईल. मी सांगितल्याप्रमाणे पालथा पडून होतो, तेव्हा परदेशातून जावयाचा फोन आला. लेक अपघातात गेली. तिची आई एकटीच विमानात बसली, शेवटचं तोंड बघून आली. आज डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. "पडदा मस्त चिकटलाय, काका. बुडबुडा विरला. आता खुशाल विमानात बसा." नर्सने कात्री घेऊन माझं मनगट धरलं. मी हात मागे घेतला. "राहू दे, पोरी." "आता कशाला हवाय?" "माणसं भेटायला येतात. विचारतात, बाप असून गेला नाहीत? सांगवत नाही. मग हा दाखवतो."