अजून थोडं

"डोळा लागला म्हणे! तुझा डोळा लागला आणि माझं भात मेलं!" मुनेश्वर बांधावर उभा राहून ओरडत होता. ओरडत होता साऱ्या गावाकडे बघून. हरिलालचाचांकडे मात्र त्याची नजर जात नव्हती.

चाचा कोकराच्या, म्हणजे नदीकाठच्या पाणदाराच्या, लाकडी चौकटीखाली मान घालून उभे होते. बर्बीस नदीला ओहोटी लागली की चाकाचा दांडा फिरवून कोकराचं जाडजूड दार वर घ्यायचं, गावात साचलेलं पावसाचं पाणी नदीत सोडायचं. भरती लागली की दार खाली. चुकलं, तर खारं पाणी उलटं आत. चाचांनी दुखणी अंगावर काढली, बायकोला अग्नी दिला, पण दार कधी चुकवलं नव्हतं.

द्रुपती गर्दीच्या मागे उभी होती. चाचा झोपले नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बाप गेला त्या दिवशी पाऊस कोसळत होता. खांबांवरचं घर, त्याखालची मोकळी जागा. तिथेच तिचं लग्न लागलं होतं, तिथेच आता बापाची शवपेटी ठेवायची, तिथेच मयताच्या घरी रात्रभर जागायला येणाऱ्यांचे डॉमिनोचे डाव आणि कॉफीची किटली. आणि तिथे घोट्याच्या वर पाणी! बापाला काय पाण्यात ठेवायचं? ती तशीच भिजत कोकरावर धावली होती.

"चाचा, अजून थोडं राहू द्या उघडं."

"भरती लागली गं, बेटी."

"माझ्या बापासाठी, चाचा. थोडंच."

चाचांनी दांड्यावरचा हात काढला. घराखालची माती उघडी पडली, बापाला कोरड्यात निरोप मिळाला. आणि आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने चारच दिवसांत, कोकराला लागून असलेलं मुनेश्वरचं ऐन निसवलेलं भात पिवळं पडून करपलं.

"दांडा द्या इकडे," गावच्या कौन्सिलचा माणूस म्हणाला. "उद्यापासून दुसरा कुणी बघेल."

चाचांनी चाकातून दांडा काढून पुढे केला. गर्दीतून द्रुपतीकडे एकदा पाहिलं आणि हळूच मान हलवली. बोलू नकोस, एवढंच.

माणसांना ढकलत ती पुढे आली.

"चाचा झोपले नव्हते! मी त्यांना गळ घातली, बापाची पेटी ठेवायची होती म्हणून. मुनेश्वरभाऊ, तुमचं भात मी मारलं. काय करायचं ते माझं करा."

आता हा हिला फाडून खातो, असंच सगळ्यांना वाटलं. पण मुनेश्वर बांधावरून खाली उतरला. पहिल्यांदाच त्याने चाचांकडे पाहिलं.

"तुझ्या घरचं पाणी उतरलं तेव्हा चाचा दार खाली घ्यायलाच लागले होते, पोरी," तो म्हणाला. "माझ्या भातातलं पाणी उतरायचं राहिलं होतं. अजून थोडं म्हणत मीच त्यांचा हात धरला."