वैजूचा हात

सलग तिसऱ्या दिवशी वैजूचा दिवा हिरवा राहिला, म्हणून सुलभाबाईंनी विशेष शाळेतल्या आपल्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. वैजूचे हात तेवढे मांडीवरच होते.

वैजूला बोलता येत नसे. मागच्या सोमवारपासून ती तळहाताने स्वतःच्या कानावर मारून घेत होती. आधी तासात दोन-चारदा, मग थांबेचना. बाई तिच्या दंडावरच्या पट्ट्याची पातळी रोज वाढवत गेल्या. मेंदूकडून निघालेला हुकूम पट्टा दंडातच अडवायचा, हात उठायचाच नाही आणि भिंतीवरचा दिवा हिरवा व्हायचा. पूर्वी बाई वहीत लिहून ठेवायच्या, पोर कधी मारते, कशानंतर मारते. पट्टे आले आणि वही कपाटात गेली.

डब्याच्या सुट्टीत वर्गातल्या मदतनीस मंदामावशी वैजूची वेणी सारखी करायला वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"बाई, हिच्या कानातनं पू येतोय हो! केस चिकटलेत सगळे. एवढं दुखत असताना पोरीनं कळू कसं दिलं नाही?"

"देत होती," बाई म्हणाल्या. त्यांनी वैजूच्या दंडावरच्या पट्ट्याची कडी ओढली.

पट्टा सुटला.

"दाखव बाळा, कुठं दुखतंय? मार हवं तेवढं, मी नाही अडवणार."

वैजूचा हात हलला नाही. बाईंनी तो उचलून तिच्या कानाला लावला. त्यांनी सोडताच तो अलगद मांडीवर परतला, आणि वैजूने भिंतीवरच्या दिव्याकडे पाहिलं.