मसाकाची सासूबाई

"झालं, झालं! वेळ संपली, बसून घ्या," असं म्हणत लुबेगासाहेबांनी टांझानियाच्या बाईंच्या हातातून माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला. मग सभागृहाकडे बघून हसले. "बायकांच्या हाती माईक दिला की जेवण थंडच खावं लागतं!"

काही जणी कसनुशा हसल्या. नामुली हसली नाही. युगांडातल्या एंटेबेच्या सरोवरकाठच्या हॉटेलात बायकांच्या नेतृत्वावर परिषद, आफ्रिकेतल्या कुठकुठल्या देशांतून बायका आलेल्या, आणि माईक सकाळपासून एका बाप्याच्या मुठीत! पण सूत्रसंचालक वरून पाठवलेला. नको म्हणायची सोय नव्हती.

नामुलीने या परिषदेसाठी वर्षभर चपला झिजवल्या होत्या, त्या एकाच ठरावासाठी. मासळी उतरते त्या प्रत्येक धक्क्याच्या समितीत निम्म्या जागा बायकांना मिळाव्यात. मासळी साफ करायची बायकांनी, वाळवायची बायकांनी, विकायची बायकांनी, आणि समितीत औषधालाही बाई नाही. दुपारी मंत्री येणार होते. जेवणाआधी ठराव मंजूर झाला तरच तो त्यांच्या हातात पडणार, नाहीतर बारगळला.

ठराव मांडणार होत्या तेरेझामावशी. मसाकाकडच्या धक्क्यावरच्या. काठावरून हाक मारली की होडीतल्या माणसाने वल्हं टाकून उभं राहावं, असा आवाज. आत्ता मात्र त्या नामुलीशेजारी बसून स्वतःचे पाय दाबत होत्या.

"दमलात, मावशी?"

"दमू नको तर काय करू? पहाटे उठून सगळ्यांचं रांधून निघाले. घरात बाईमाणूस मी एकटीच. माझ्यामागे चूल कोण पेटवणार?"

चहाच्या सुट्टीत नामुलीने लुबेगासाहेबांना गाठलं. "साहेब, यानंतर आमच्या धक्क्यावरच्या बाई बोलतील. पाचच मिनिटं."

"तो समितीचा ठराव ना? अहो, त्याला कुठला वेळ! पुढच्या वर्षी बघू." एवढं बोलून ते आपल्या मित्रांकडे वळले. "माझ्या डोक्यात सध्या एकच ठराव. शनिवारी मुलीकडे मागणी घालायला जायचंय, मसाकाला. बोकड काय, भेटीच्या टोपल्या काय, सोबतची माणसं काय, एक भानगड आहे का! बरं, तिकडची माणसं कशी तेही ठाऊक नाही. माझ्या होणाऱ्या सासूबाईंना तर अजून पाहिलेलंसुद्धा नाही."

"पाहायचंही नसतं, साहेब!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

नामुली रडकुंडीला येऊन परत आली. "बोलूच देत नाही हो मेला! याला शनिवारच्या मागणीची पडलीये."

तेरेझामावशी चहा फुंकत होत्या. "मागणी? कुठल्या गावी म्हणाला?"

"तुमच्याच मसाकाला. सासूचं तोंडही अजून पाहिलेलं नाही म्हणे."

मावशींनी कप खाली ठेवला. खांद्यावरचं कापड उचलून डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढलं. मग छातीवरचा नावाचा बिल्ला उलटा केला.

"मावशी, काय झालं हो?"

"आता मी त्याच्यासमोर उभी कशी राहू गं?"

नामुलीच्या आत्ता लक्षात आलं. अरे देवा! बुगांडात, म्हणजे त्यांच्या या मुलखात, जावई सासूच्या समोर येत नाही. एका खोलीत बसणं नाही, आणि चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांच्याही हातापायांना जन्मभराचा कंप सुटतो. शिकलेसवरलेलेही हे मानतात. खुद्द नामुलीचा नवरा बँकेत साहेब, पण तिच्या आईशी अजून दाराआडूनच बोलतो. आणि इथे तर एकच माईक, या हातातून त्या हातात जाणारा.

"मग आपला ठराव?" नामुलीने विचारलं.

"ठराव मी मांडणारच. त्याने काय करायचं ते त्याचं त्याने बघावं. तू जा, त्याच्या कानावर घाल. बिचाऱ्याला आधी कळलेलं बरं."

"काय सांगू?"

"तुला जे कळलंय ते सांग."

नामुली धावतच व्यासपीठावर गेली. लुबेगासाहेब पुढचा कार्यक्रम पुकारायला उभेच राहिले होते. ती त्यांच्या कानाशी लागली. "साहेब, शनिवारी तुम्ही ज्यांच्या घरी जाताय ना, त्या घरच्या आई आल्यात. त्या बघा, डोक्यावरून कापड घेतलेल्या. इकडेच येताहेत."

साहेबांनी मान वर केली. मधल्या वाटेने मावशी संथपणे चालत येत होत्या. नावगाव विचारायचीही साहेबांना शुद्ध राहिली नाही. चटका बसावा तसा त्यांनी माईक टेबलावर टाकला, तोंडावर फाईल धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराने धूम ठोकली.

"यांचं पोट बिघडलं की काय?" झांबियाच्या बाईंनी काळजीने विचारलं.

मावशींनी माईक उचलला. कापड खांद्यावर घसरलं. मग त्या जे बोलल्या, ते ऐकताना सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यांनी ठराव वाचला आणि हात वर करा म्हणाल्या. हातच हात! एकही हात खाली राहिला नाही.

हुश्श! नामुली मटकन खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. वर्षभराचं ओझं उतरलं होतं. अंग कसं हलकं झालं होतं.

जेवताना खिडकीतून लुबेगासाहेब दिसत होते. बसच्या आडोशाला, सभागृहाकडे पाठ करून उभे. आत यायचं काही नाव नाही.

नामुलीने मावशींच्या ताटात वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचे मटोके वाढले, वर शेंगदाण्याचा रस्सा ओतला. "मावशी, जावई उपाशी राहिला हो तुमचा! आता शनिवारी मलाही बोलवा. मुलीचं नाव काय तुमच्या?"

मावशींनी रश्शात घास बुडवला.

"मुलगी कुठली, बाई? मला चारही मुलगेच."