एका ओळीचं काम

बहिणीच्या लग्नात करवली म्हणून मिरवायचं, एवढीच शिवप्रियाची हौस होती. परंड्याच्या ऑफिसातले साहेब तिला अन् बलभीमरावांना म्हणाले होते, "दोघंही कॉम्प्युटरवरच्या आपापल्या तीन हजार फायलींची नावं बदला, मग चार दिवस सुट्टी." तिनं लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, अर्ध्या मिनिटात सगळी नावं बदलली.

"अर्ध्या मिनिटाच्या कामाला चार दिवस सुट्टी?" साहेब भडकले.

"ती ओळ शिकायला वर्ष गेलं, साहेब!"

"ते तुमच्या घरी."

शेजारी बलभीमराव आठ दिवस माऊसनं एकेक नाव बदलत होते. त्यांचे सुजलेले डोळे बघून साहेबांनी त्यांना सुट्टी दिली. त्यांच्या उरलेल्या फायली अन् चार दिवसांचं ऑफिस शिवप्रियाच्या माथी मारलं.

सोमवारी बलभीमराव हसत आले. "ताई, तुमच्या बहिणीच्या लग्नातलं जेवण लई झकास! तुम्ही कुठं दिसला न्हाय?"